खंडेनवमीचं शून्य

दिवसाला अकरा लिटर डिझेल. एवढ्यासाठी मी सदाशिव इंगवल्यांशी तीन आठवडे भांडले आणि शेवटी जिंकले. ते भांडण मी हरायला हवं होतं.

इंगवले म्हणजे आमचे नाना. ते आणि माझे वडील एकाच पलटणीच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं गाड्यांखाली आडवे पडून एकमेकांच्या हातात पाने देत होते. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हापासून नाना सुट्टीवर आले की आधी आमच्या घरी यायचे, मग स्वतःच्या. मी इमारतींच्या ऊर्जेचं गणित मांडणारी इंजिनिअर झाले, तेव्हा गावात पेढेही त्यांनीच वाटले. "आमची मृदुला मोठाल्या बिल्डिंगी गरम करती," असं ते सांगत सुटले आणि निम्म्या गावाचा समज झाला की मी पाणी तापवायचे बंब विकते.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर नाना 'वज्रगड मार्गसेवा' या साताऱ्याच्याच कंपनीत हेड मेकॅनिक म्हणून लागले. लडाखमधल्या एका खिंडीचा रस्ता बारा महिने वाहता ठेवण्याचं काम या कंपनीकडे होतं. ही गोष्ट २०३७ची. खाली मैदानात तोवर जवळजवळ सगळ्या गाड्या विजेवर गेल्या होत्या, पण साडेतेरा हजार फुटांवर, उणे तीस अंशांत, बर्फ कापणारी बारा-बारा टनांची यंत्रं अजून डिझेलच पीत होती. अशी सहा यंत्रं ठेवायला आणि दुरुस्त करायला खिंडीच्या अलीकडे एक लांबलचक शेड होती. तिथले तीसेक लोक बहुतेक आमच्याच बाजूचे, माजी सैनिक. शेड उबदार ठेवायला लागणारं डिझेल टँकरने दोन दिवसांचा घाट चढून यायचं. टँकर अडकला की शेड गारठायची, शेड गारठली की यंत्रं सुरू होत नसत, यंत्रं बंद की रस्ता बंद, आणि रस्ता बंद म्हणजे टँकर अडकलेलाच. कंपनीने मला बोलावलं ते यातून वाट काढायला.

साध्या घराचं उष्णतेचं गणित सोपं असतं. भिंतींतून आणि फटींतून जेवढी ऊब जाते तेवढी आत घालायची. गाड्यांच्या शेडचं तसं नसतं. बारा टनांचं यंत्र बाहेरून आत आलं, की बारा टन गार लोखंड आत आलेलं असतं आणि ते कित्येक तास खोलीतली ऊब ओढत राहतं. त्याला चिकटलेला बर्फ वितळायला वेगळी ऊब लागते, वितळलेलं पाणी सुकायला आणखी. ते आत यावं म्हणून पाच मीटर उंचीचं दार उघडलं की तीन मिनिटांत शेडमधली निम्मी गरम हवा पसार होते. आणि सगळ्यांत खादाड म्हणजे पंखे. इंजिनाचा धूर बाहेर काढायचा तर हवा बाहेर फेकावी लागते. फेकलेली हवा तापवलेली असते, तिच्या जागी येणारी उणे तीसची असते आणि ती पुन्हा तापवावी लागते.

माझं मॉडेल हे सगळं दर दहा सेकंदांनी मोजायचं. तपमान, दमटपणा, दारं, माणसं, यंत्रं, आणि हवेतला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला तो जीवघेणा वायू. कुठला हीटर किती लावायचा, दार कधी उघडू द्यायचं आणि पंखे किती फिरवायचे, हे तेच ठरवायचं. हवेत धूर नसेल तर पंखे जवळजवळ बंद, धूर वाढला की जोरात. शिवाय ते शिकायचं. आठवडाभर शेड पाहिली की तिची सवय त्याला कळायची. पहिल्याच महिन्यात डिझेलचा खप एक तृतीयांशाने उतरला. शेडमधल्या लोकांनी मॉडेलचं नाव 'मुकादम' ठेवलं. दाराशी यंत्र घेऊन उभा असलेला माणूस थंडीने कुडकुडत ओरडायचा, "मुकादमाला इचारा की, आत येऊ का सासरी जाऊ?"

अडचण एकच होती. शेडच्या मागच्या भिंतीत, दुरुस्तीच्या खड्ड्याजवळ, एक लहान खिडकी होती आणि नाना ती कायम चार बोटं उघडी ठेवायचे. मध्ये लाकडाची पाचर ठोकलेली. त्यातून येणारा वारा माझ्या सगळ्या आकड्यांत घुसायचा.

"नाना, ही खिडकी दिवसाला अकरा लिटर डिझेल खाते."

"खाऊंदे. म्या खातुय त्याच्यापेक्षा कमीच हाय."

"अहो, मॉडेल हवा बघतंय ना. धूर झाला की ते पंखे लावेल."

"आन् त्येला न्हाय कळलं तर?"

"कळणारच. तुम्हाला तरी कसं कळतं?"

"डोळं चुरचुरत्यात. नाकाला वास येतो."

"जो वायू मारतो त्याला वास नसतो, नाना. डोळेही चुरचुरत नाहीत."

नानांनी हातातला कापूस खाली ठेवला. "म्हंजे मला जे कळत न्हाय, ते तुज्या मुकादमाला कळतंय म्हन."

"हो."

"बरं," असं म्हणून ते पुन्हा खड्ड्यात उतरले, आणि खिडकी उघडीच राहिली. मी रोज आलेख दाखवत होते, ते रोज चहा पाजत होते. तिसऱ्या आठवड्यात माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा असते तर त्यांनी माझं ऐकलं असतं."

हे बोलायला नको होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीतून हातोडी काढली, पाचर उडवली, खिडकी लावली आणि दोन स्क्रू मारून ती पक्की केली.  संध्याकाळी नेहमीसारखं चहाला बोलावलं.

आता प्रश्न राहिला शून्याचा. कुठल्याही मोजणाऱ्या उपकरणाला आधी सांगावं लागतं की स्वच्छ म्हणजे काय. वायू मोजणाऱ्या चोवीस संवेदकांना स्वच्छ हवेची नळकांडी लावून दर काही महिन्यांनी शून्य नव्याने ठरवायचं असतं. घाटात दरड कोसळल्याने नळकांडी टँकरबरोबर खालीच अडकली होती आणि बर्फ पडायच्या आत मला मॉडेल हिवाळ्यासाठी तयार हवं होतं. दुसरा उपाय होता. शेडमध्ये अख्खा दिवस एकही इंजिन चालू झालं नाही, तर त्या दिवशीचा आकडा म्हणजेच शून्य धरायचं. पण चोवीस तास चालणाऱ्या शेडमध्ये असा दिवस आणायचा कुठून?

मला तो दिवस माहीत होता. चार दिवसांवर खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडचा कुठलाही मेकॅनिक पान्याला हात लावत नाही, इंजिनाची किल्ली फिरवणं तर दूरच. बंगळुरूच्या किंवा दिल्लीच्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं, म्हणून मी स्वतःवर खूश होते.

खंडेनवमीला सकाळपासून वारा होता, म्हणून दारं बंदच होती, आणि शून्य ठरेपर्यंत मी पंखेही बंद ठेवले होते. सगळी हत्यारं धुऊन पुसून घोंगडीवर मांडली होती. बर्फ कापायच्या पात्यांना हळदकुंकू लागलं, यंत्रांना झेंडूच्या माळा लागल्या. माळा स्टान्झिनने खालून लेहपर्यंत विमानाने मागवल्या होत्या. हा लडाखी मेकॅनिक, दोन मुलांचा बाप, आठ वर्षं नानांच्या हाताखाली काम करून अस्सल साताऱ्याची मराठी बोलायचा. बुखारीतले, म्हणजे तिथल्या लाकडाच्या शेगडीतले, रसरशीत निखारे तीन धुपाटण्यांत घेऊन नानांनी प्रत्येक यंत्राभोवती फेरी मारली. ऊद टाकला, शेड दरवळली. तीस माणसांनी आरती म्हटली. मी कोपऱ्यात टॅब घेऊन उभी होते. नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हिच्या पाटीलाबी कुंकू लावूया. तिचं हत्यार तेच हाय." त्यांनी टॅबच्या कडेला बोट टेकवलं. धुपाटणी तिथेच धुमसत होती. कुंकू पुसलं जाणार नाही अशा बेताने मी बटण दाबलं आणि त्या क्षणाची हवा शून्य ठरवली.

निखाऱ्यातून तोच वायू निघतो जो इंजिनातून निघतो. हे मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. पण आमच्या घरात उदाच्या धुराला कुणी धूर म्हणत नाही. तो मंगल असतो, तो डोळ्यांत गेला तरी चांगलाच असतो. मी त्या शेडमध्ये उभी राहून तो छातीभर घेतला आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही की संवेदकही तोच घेत आहेत.

नुसतं शून्य चुकलं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. मॉडेल शिकणारं होतं, आणि मी त्याला सांगितलं होतं की आजच्या दिवशी हवा स्वच्छ आहे. त्याने त्यातून अर्थ काढला की माणसं जमली आणि आकडा हळूहळू चढला, तर तो संवेदकाचा लहरीपणा समजायचा आणि तेवढा वजा करून टाकायचा. पुढे ते तसंच करत राहिलं. इंजिन एकदम धुरकटलं तर पंखे धावायचे, म्हणून कुणाला शंका आली नाही. हळू साचणारा धूर मात्र त्याला दिसेनासा झाला.

नोव्हेंबरपासून शेडमध्ये लोकांची डोकी दुखू लागली. उंचीवर डोकं दुखतंच. नाना म्हणायचे, "उंचीचं डोकं हाय, लसूण खा." सगळे लसूण खायचे. कंपनीचे व्यवस्थापक रणनवरे साहेब साताऱ्याहून फोनवर माझं कौतुक करायचे. देशभरातल्या चाळीस वर्कशॉपांना हे मॉडेल लावायचं त्यांच्या मनात होतं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सलग दोन दिवस बर्फ पडला. चार नंबरच्या यंत्राचं पातं वर उचललं जात नव्हतं आणि दोष शोधायला इंजिन चालू ठेवणं भाग होतं. अशा वेळी धुराड्याला एक लवचीक नळी जोडतात आणि तिचं तोंड भिंतीतून बाहेर काढतात. त्या नळीचा सांधा थंडीने तडकला होता. सकाळी आठ वाजता नाना यंत्राखालच्या खड्ड्यात उतरले. मी चाळीस मीटरवर काचेच्या खोलीत बसले होते. माझ्या पडद्यावर खड्ड्याजवळचा वायूचा आकडा, हवेच्या दहा लाख भागांत, अठरा होता, हिरवा. नंतर मी पुन्हा हिशेब केला तेव्हा खरा आकडा साडेतीनशेच्या वर निघाला.

बाराला स्टान्झिन जेवायला हाक मारायला गेला आणि त्याची आरोळी ऐकू आली, "म्याडम, नाना उठंनात! बोलंनात!"

मी धावले. स्टान्झिनने दाराचं बटण दाबलं होतं, पण दार हलत नव्हतं. बाहेर उणे एकतीस, आत हवा स्वच्छ, दार उघडायचं कारण नाही, असं मुकादमाचं उत्तर दाराच्या पाटीवर झळकत होतं. स्टान्झिनने कुणाला काही विचारलं नाही. मोठा पाना उचलला आणि मी बंद करायला लावलेल्या खिडकीची काच फोडली. मग इंजिन बंद करून आम्ही सहा जणांनी नानांना खड्ड्यातून वर ओढून काढलं. त्यांचे गाल लाल झाले होते, अगदी तब्येत सुधारल्यासारखे. त्या वायूने मरायला टेकलेला माणूस असाच दिसतो. ऑक्सिजनची जागा हा वायू रक्तात बळकावतो आणि सहजी सोडत नाही.

लेहच्या रुग्णालयात नानांना दाबाच्या टाकीत ठेवून ऑक्सिजन दिला. दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले, तिसऱ्या दिवशी नर्सला "ही भाजी हाय का बर्फ वितळलाय?" असं विचारू लागले. मला हसू आणि रडू एकदमच आलं. डॉक्टरीणबाई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चाळीस दिवस लक्ष ठेवा. काही जण पूर्ण बरे होतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी मेंदू मागे पडायला लागतो. सगळ्यांचं होत नाही. पण झालं तर जुन्यातलं काही राहतं, नवीन टिकत नाही."

पाचव्या दिवशी मी खिंडीवर परतले आणि सगळ्या नोंदी उघडल्या. खंडेनवमीपर्यंत मागे जायला मला अर्धा तास लागला. आरतीच्या वेळी आकडा कसा चढत गेला होता आणि त्याच्या शेंड्यावर मी कसं शून्य ठेवलं होतं, ते पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. नळकांडी एव्हाना वर आली होती. मी प्रत्येक संवेदकाचं शून्य पुन्हा ठरवलं आणि मॉडेलची ती चुकीची शिकवण पुसून टाकली. वीस मिनिटांचं काम. कुणाला सांगितलं नाही. उद्या सांगू, असं ठरवलं.

नवव्या दिवशी चौकशी झाली, लेहला, नानांच्या खाटेशीच. रणनवरे साहेब आले होते, बरोबर दोन अधिकारी. त्यांनी नानांना विचारलं की नळीचा सांधा रोज तपासायचा नियम होता का.

"व्हता. म्याच केलाय त्यो नियम," नाना उशीला टेकून बसत म्हणाले. "रोज सकाळी सांधा हातानं चाचपून बघायचा. त्या दिवशी घाई व्हती, बर्फ पडत व्हता. नळी बघायची राहिली. चूक माजी हाय, साहेब. लिवून घ्या."

मग साहेब माझ्याकडे वळले. मॉडेलने इशारा का दिला नाही?

मी म्हटलं, "खड्ड्याजवळचा संवेदक वरच्या बाजूला बसवलेला आहे. खालचा धूर तिथवर पोचला नसावा." संवेदक खरंच वर होता. एवढंच खरं होतं.

साहेब मंडळी गेल्यावर नानांनी माझा हात धरला. "तू नको मनाला लावून घिऊ. तुज्या यंत्राला बट्टा लागायला नको, पोरी. माज्या नळीपायी तुजं काम का बिघडावं?"

ते मला वाचवत नव्हते. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी तोंड उघडलं होतं. त्यांना आधी बरं होऊ दे, चाळीस वर्कशॉपांचा निर्णय या आठवड्यात आहे तो होऊ दे, मॉडेल आता दुरुस्त आहे, कुणाला धोका नाही. असं एकेक मनात येत गेलं आणि मी तोंड मिटलं. त्या वेळी मला हा समजूतदारपणा वाटला होता. आज त्याला भित्रेपणा म्हणते.

अठराव्या दिवशी नाना सामान न्यायला शेडवर आले. निष्काळजीपणाचा शेरा मारून कंपनीने त्यांना कामावरून कमी केलं होतं. निरोपाचा कार्यक्रम नाही, नारळ नाही. लोकांनी आपापसात चहा-भजी केली. नाना चार नंबरच्या यंत्रापाशी गेले आणि सवयीने बॉनेटवर तळहात ठेवला. चालत्या इंजिनावर हात ठेवून आत काय दुखतंय ते सांगणारा हा माणूस. इंजिन बंद होतं. ते हात ठेवून वाट पाहत राहिले. मग त्यांनी एक बोल्ट सैल करायला घेतला आणि उलटा आवळत गेले. स्टान्झिन हळूच म्हणाला, "नाना, दुसरीकडं फिरवा." त्यांनी पाना खिशात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "तू कुणाची गं, बाळ?"

पाचव्यापासून अठराव्या दिवसापर्यंत तेरा दिवस होते. त्या तेरा दिवसांत त्यांना जे सांगितलं जाईल ते टिकणार होतं. मला ते माहीत होतं.

त्यानंतर दोन वर्षं गेली. मॉडेल चाळीस ठिकाणी लागलं, उत्तम चाललं. मी पुण्यात घर घेतलं, परिषदांत भाषणं दिली, आणि दर संक्रांतीला नानांच्या बायकोला, शालनकाकूंना, न चुकता फोन केला. त्या 'बरं हाय' म्हणायच्या, मीही पुढे विचारायची नाही. यंदा त्यांनी स्वतःहून फोन केला.

"मृदुला, तू मोठी इंजिनेर हायस, येकदा येऊन त्यास्नी समजाव. पोरांची नावं इसरलेत. कदीमदी मलाबी वळखत न्हाईत. पर ती नळी इसरत न्हाईत बग. सकाळी उठलं की शेजारच्या टेंपूखाली शिरत्यात नळी बघाया. काल तर गॅसचीच नळी उपसली. इचारलं तर रडत्यात. म्हनत्यात, माज्यामुळं चार मानसं मेली असती."

त्या दिवशी दुपारीच मी सगळ्या नोंदी, खंडेनवमीचा आलेख आणि माझा कबुलीजबाब कंपनीला पाठवला. नोकरी जाईल असं वाटलं होतं. गेलीही. पण महिन्याभराने रणनवऱ्यांच्या सहीचं पत्र आलं, की सदाशिव इंगवले यांच्यावरचा शेरा मागे घेण्यात येत आहे, अपघात उपकरणाच्या चुकीच्या मांडणीमुळे झाला. ते पत्र घेऊन मी गावी गेले.

काकूंना आधी सांगितलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजे दोन वरसं तू मला फोनवर तिळगूळ घ्या, गोड बोला म्हनत व्हतीस."

मी पिशवीतून पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं.

"मला नगं सांगू काय. त्यास्नी सांग. जेवाय वाढतीया, जेवताना शांत असत्यात."

नाना पाटावर बसले होते. अंगाने बरेच उतरले होते, पण बनियन स्वच्छ, दाढी केलेली. मला पाहून ते हसले, कुणीतरी आपलं आलंय एवढं त्यांना कळलं असावं. मी समोर बसले. पत्र वाचून दाखवलं. ते कान देऊन ऐकत होते.

"कळलं का, नाना? नळीचा सांधा तुम्ही बघितला असता, नसता, तरी मुकादमाने तुम्हाला वाचवायला हवं होतं. त्याला मी आंधळं केलं होतं. खंडेनवमीला."

"मंग माजी न्हाय?"

"नाही."

"मंग चूक कुनाची?"

"माझी. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही साहेबांपुढे स्वतःवर घेतलंत तेव्हा मी तिथेच उभी होते."

 त्यांनी डाव्या हाताने माझं डोकं थोपटलं, जोरात, लहानपणी थोपटायचे तसं.

"रडू नगं. पोरीच्या हातनं चुकायचंच. बाप हाय की निस्तरायला." आणि एकदम खुलून त्यांनी हाक मारली, "शालन, आगं म्या न्हाय केलं त्ये! ऐकलंस का? म्या न्हाय!"

किती दिवसांनी त्यांच्या तोंडून आपलं नाव आलं, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. नानांनी भाकरी कुस्करली, वर कालवण ओतून घेतलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागितली. मध्येच मान हलवून ते स्वतःशीच हसत होते. दोन वर्षांत मला पहिल्यांदाच श्वास नीट घेता आला. ते उठले, मोरीवर गेले. मी तांब्याने त्यांच्या हातावर पाणी घालत होते.

अर्ध्यातच त्यांनी हात मागे घेतले. ओल्या हातांकडे पाहत राहिले. चेहऱ्यावरचं सगळं हसू निघून गेलं होतं.

"शालन," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले, "आगं, ती नळी बघायची राहिली. पोरं आत हायेत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या खाली ठेवला, नानांना हाताला धरून पुन्हा पाटावर बसवलं, पत्राची घडी उघडली आणि पहिल्यापासून वाचायला लागले.